झुरळाला मंदी नसते

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत प्रत्येकाला कसली ना कसली धास्ती आहे. बँकवाल्यांना विलीनीकरणाची, आयटीतल्या पोरांना एआयची, शिकवण्या घेणाऱ्या बाईंना ॲपची आणि खालच्या किराणावाल्या शेठना दहा मिनिटांत घरपोच सामान टाकून जाणाऱ्या स्वारांची. निर्धास्त असे एकटे फवारेकाका. संध्याकाळी कट्ट्यावर मंदीचा विषय निघाला की ते शांतपणे बडीशेप चघळत बसतात. सगळ्यांचं रडून झालं की विचारतात, "मंदीमुळे उपाशी मेलेलं झुरळ कुणी पाहिलंय? नाही ना? मग आमचं बरं चाललंय."

फवारे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव मेंटेनन्सच्या पावतीवर असतं आणि बहुधा ते फक्त सेक्रेटरीलाच माहीत असावं. इतरांच्या स्कूटरवर पुढे पाय ठेवायच्या जागी भाजीची पिशवी किंवा नातू असतो, काकांच्या स्कूटरवर तिथे फवारणीचा पंप असतो. त्यावरून हे नाव पडलं. काकांना ते इतकं आवडलं की आता नव्या गिऱ्हाइकाला ते स्वतःच "फवारे बोलतोय" म्हणून फोन करतात.

शर्टाच्या खिशात पेन असावं तिथे त्यांची दोन हत्यारं असतात. एक बोटाएवढी टॉर्च आणि एक जेल भरलेली सिरिंज. एका मॉलच्या दारावर सिक्युरिटीवाल्याने ती सिरिंज संशयाने बाहेर काढायला लावली, तर काकांनी तिथल्या तिथे त्याच्या टेबलाच्या बिजागरीत ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका सोडून त्याला डेमो दिला आणि मॅनेजरचा नंबर मागून घेतला. टॉर्चचं व्यसन त्याहून भारी. काका कुणाच्याही घरी गेले की यजमानाच्या तोंडाकडे पाहत नाहीत, फ्रिजच्या मागे पाहतात. बारशाला गेले तरी पाळण्याचे पाय तपासतात. लग्नाच्या हॉलमध्ये सगळे अक्षता टाकायला उभे असताना काका स्टेजच्या पायथ्याशी वाकलेले दिसले, तेव्हा मुलीकडच्यांना वाटलं, काहीतरी विधी राहिलाय.

माणसांची ओळखही ते कीटकांवरून ठेवतात. सी-४०२ म्हणजे लाल मुंग्या. ए-१०१ म्हणजे गटारातली मोठी झुरळं. "त्या कुलकर्ण्यांचा मुलगा कॅनडाला गेला म्हणे," असं कुणी म्हणालं की काका क्षणभर आठवतात आणि म्हणतात, "हां, ढेकूण. दोन सर्व्हिस लागल्या होत्या."

या धंद्यात बरीच वर्षं काढल्यावर काकांचा मनुष्यस्वभावावरचा अभ्यास कीटकशास्त्रापेक्षा पुढे गेला आहे. त्यांचा पहिला सिद्धांत असा, की भारतात कुणाच्याही घरी स्वतःचं झुरळ नाही. सगळी झुरळं शेजाऱ्यांची. वरच्यांना विचारा, ती खालून येतात. खालच्यांना विचारा, वरून. तळमजल्यावर गेलात तर ती महापालिकेची असतात. काका कधीही वाद घालत नाहीत. "बरोबर आहे तुमचं, पाहुणीच ती," असं म्हणत ते ओट्याखालचं ट्रॉलीचं चॅनल खेचतात आणि आतून पाहुण्यांची चार पिढ्यांची वसाहत उधळते.

ढेकणांच्या बाबतीत अब्रू आणखी नाजूक. झुरळासाठी फोन करणारा मोठ्याने बोलतो, ढेकणासाठी करणारा गॅलरीत जाऊन. "तुमची माणसं युनिफॉर्ममध्ये येतात का हो?" हा पहिला प्रश्न. मग काकांची पोरं साधे शर्ट घालून, पंप कापडी पिशवीत दडवून जातात, आणि जिन्यात कुणी हटकलं तर "एसीवाले" म्हणून सांगतात. शेजारीण लगेच म्हणते, "मग आमचाही बघून जा ना जरा." काकांच्या एका टेक्निशियनने अशा प्रसंगांतून एसीचं काम खरोखरच शिकून घेतलं. काका याला क्रॉस-स्किलिंग म्हणतात.

माझा भाचा त्यांच्या तावडीत सापडला तो अशाच एका संध्याकाळी. भाचा बी.एस्सी. झूलॉजी. पदवीनंतर एमपीएससीची तयारी करत होता, म्हणजे अभ्यासिकेत जागा धरून चहाला बाहेर उभा राहत होता. आमच्या ताईला वाटलं, काकांच्या चार ओळखी आहेत, कुठे चिकटवतील. काकांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. त्याचे हात लांब आहेत हे हेरलं, कारण लांब हात सिंकच्या मागे पोचतात. मग विचारलं, "झूलॉजी केलंस ना? मग आजवर पोटापाण्याला उपयोगी पडेल असा एक तरी प्राणी तुला कुणी दाखवला का?"

"बेडूक," भाचा म्हणाला.

"बेडूक काय देणार तुला? बेडूक स्वतःच डासांवर जगतो. आणि डास," काकांनी छातीवर हात ठेवला, "आमच्याकडे."

त्यानंतर जे काही झालं, त्याला करिअर मार्गदर्शन म्हणतात. भाच्याने विचारलं, या क्षेत्रात ग्रोथ कितपत आहे. हा प्रश्न काकांना आयुष्यभर कुणीतरी विचारावा असं वाटत होतं. "ग्रोथ? स्वयंपाकघरातल्या त्या छोट्या जर्मन झुरळाची मादी घे. अंड्यांच्या एका डबीत ३० ते ४० अंडी. पिल्लं बाहेर यायची वेळ होईपर्यंत डबी शरीराला चिकटवून हिंडते, कुठे ठेवायची जोखीम घेत नाही. काही महिन्यांत त्या पिल्लांना पिल्लं. मला अशी एक आयटी कंपनी दाखव. आणि वाळवीची राणी? दिवसाला हजारोंनी अंडी. सुट्टी नाही, बाळंतपणाची रजा नाही."

"काका, मी पगाराच्या ग्रोथबद्दल विचारत होतो."

"तेच सांगतोय. मार्केट आधी बघायचं, पगार मागून येतो." तो किती मागून येतो, हे काकांनी सांगितलं नाही. ते फवारेकाकाच काय, या देशात कुठलाच करिअर मार्गदर्शक सांगत नाही.

ताईने सरकारी नोकरीचा विषय काढला तेव्हा काकांना आणखी उकळी फुटली. मुंबई महापालिकेत उंदीर मारायला माणसं असतात, रात्रपाळीला, हातात टॉर्च आणि काठी. एका रात्रीत ३० उंदरांचं टार्गेट. "पर्मनंट नोकरी, पेन्शन. आणि एमपीएससीसारखं नाही, निकाल रोजच्या रोज पहाटे," काका म्हणाले. मुंबईत १८९६ ला प्लेग आला, तेव्हापासून उंदीर हा सरकारी विषय झाला. पकडलेले उंदीर प्लेगच्या तपासणीसाठी हाफकिन संस्थेत जात. म्हणजे, काकांच्या मते, या धंद्याला शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे आणि शास्त्राचा पाठिंबा आहे, फक्त तो मुलीच्या बापाला सांगता आला पाहिजे.

उंदरांच्या सरकारी इतिहासात काकांचं सगळ्यात लाडकं पान मार्च २०१८ चं. मंत्रालयात सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याचा हिशेब कागदावर आहे, असं एकनाथ खडसे यांनी विधानसभेत सांगितलं. मिनिटाला तीसेक उंदीर पडतात, मग एवढ्या मेलेल्या उंदरांची विल्हेवाट कुठे लावली, असा त्यांचा सवाल. पुढे सरकारकडून खुलासा आला, की तो आकडा उंदरांचा नाही, उंदीर मारायच्या गोळ्यांचा. महाराष्ट्र पोट धरून हसला. काका हसले नाहीत. त्या दिवशी त्यांनी कट्ट्यावर पेढे वाटले. "इतकी वर्षं धंद्यात आहे, विधानसभेत कुणी आमचं नाव काढलं नव्हतं. आज पूर्ण चर्चा झाली." मग जरा विचारात पडून म्हणाले, "पण बिलात गोळ्या आणि उंदीर यांचे रकाने वेगवेगळे पाहिजेत. मी पहिल्यापासून ठेवतो."

काकांच्या ऑफिसात, म्हणजे त्यांच्या बंद केलेल्या बाल्कनीत, गणपतीच्या तसबिरीशेजारी त्यांचं लायसन्स फ्रेम करून लावलेलं आहे. ते दिलंय कृषी खात्याने. डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या झुरळाचा कृषी खात्याशी काय संबंध, असं भाच्याने विचारलं. त्यावर काकांनी १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम असे काही सांगितले, की त्या तासाभरात भाच्याची एमपीएससीची उरलीसुरली इच्छाही गेली. सार इतकंच, की औषध शेतातलं असो वा सिंकखालचं, कायदा एक. धंदा स्वतःच्या नावावर करायचा तर शेतकीची किंवा केमिस्ट्री घेतलेली विज्ञानाची पदवी लागते, शिवाय म्हैसूरची सीएफटीआरआय, उत्तर प्रदेशातलं हापूर किंवा हैदराबाद अशा ठिकाणी किमान १५ दिवसांचं प्रशिक्षण. "म्हणजे तुझी पदवी इथे चालते," काका म्हणाले. हे वाक्य भाच्याला पदवी मिळाल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी ऐकवत होतं. तो विरघळला.

शेवटचा घाव काकांनी मॅक्सवेल-लेफ्रॉय साहेबाची गोष्ट सांगून घातला. हॅरोल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय हा इंग्रज आपल्या बिहारमधल्या पुसाला सरकारचा कीटकशास्त्रज्ञ होता. भारतातल्या कीटकांवर १९०९ साली त्याने जाडजूड ग्रंथ काढला. पुढे विलायतेला परत गेला, तर लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलच्या लाकडी छताला भुंगेरे लागलेले. त्यावर त्याने औषध शोधलं आणि १९२५ साली ते विकायला रेंटोकिल कंपनी काढली. आज ती जगभर पसरली आहे, २०२२ मध्ये तिने अमेरिकेतली टर्मिनिक्स गिळली. "आपल्या पुसाच्या किड्यांवर हात बसवून गेलेला माणूस! म्हणजे बीज आपलं," काका म्हणाले. भाच्याने घरी येऊन मोबाईलवर शोधलं. कंपनी काढली त्याच वर्षी साहेब आपल्याच प्रयोगशाळेत विषारी वायूने गेले होते. दुसऱ्या दिवशी त्याने काकांना हे विचारलं. काका शांतपणे म्हणाले, "कंपनी टिकली की नाही ते सांग."

ताईचा मात्र विरोध होता. "मी याला बी.एस्सी. केलं ते लोकांची झुरळं मारायला?" असं ती चार दिवस म्हणत होती. पाचव्या दिवशी तिच्या पिठाच्या डब्यामागून एक झुरळ निघालं आणि भाच्याने त्याची जात, वय आणि बाळंतपणाची तारीख सांगितली. तेव्हापासून ती गप्प आहे.

भाचा लागला. पहिले काही महिने त्याच्याकडे फक्त पंप धरायचं काम होतं. जेलचा ठिपका कुठे ठेवायचा, हे शिकणं वेगळं. काका म्हणतात, नवखा पोरगा भिंतीवर नक्षी काढतो, जुना माणूस बिजागरीत हात घालतो. झुरळ जेल खातं, आपल्या फटीत परत जातं, तिथे मरतं. मग बाकीचे नातेवाईक त्याची विष्ठा आणि देह खातात आणि तेही जातात. "एकाला जेवू घातलं की घरदार आटपतं," असं काका गिऱ्हाइकाला समजावतात, बहुधा ते जेवत असतानाच. अडचण एकच. काका बाहेर पडले की घरातल्या आजी टीव्हीवरच्या जाहिरातीतला स्प्रे त्याच ठिपक्यावर मारतात. मग झुरळ जेलकडे फिरकत नाही आणि आठवड्याने फोन येतो, "तुमचं औषध बोगस आहे."

स्पर्धकांमध्ये काका फार कुणाला मोजत नाहीत. तमालपत्र, कापूर, कडुनिंबाचा पाला, खडूच्या रेघा, आवाजाने उंदीर पळवणारं प्लगमधलं यंत्र, या सगळ्यांवर त्यांची एकच प्रतिक्रिया: "वापरा ना, वापरा. आमचा नंबर सेव्ह करून ठेवा." फक्त कणकेत बोरिक पावडर घालून केलेल्या गोळ्यांचा विषय निघाला की ते गडबडतात. त्या गोळ्यांनी झुरळं खरंच मरतात, आणि कुणी खोदून विचारलं तर काका हे कबूल करतात. तेवढे ते प्रामाणिक आहेत. पण नंतर बराच वेळ हवामानावर बोलत राहतात.

झुरळाबद्दलचा त्यांचा आदर खोटा नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या संशोधकांना असं आढळलं, की काही जर्मन झुरळांनी ग्लुकोज खाणंच सोडलंय. विषाच्या आमिषात साखर घालत, म्हणून साखर टाळणारी तेवढी जगली आणि त्यांचीच प्रजा वाढली. काका हे सांगतात तेव्हा त्यांचा आवाज कातर होतो. काकांना मधुमेह आहे. "मला डॉक्टर दहा वर्षं सांगतायत, गोड सोडा. झुरळाने सोडलं!" असं म्हणून ते दुसरी जिलबी उचलतात.

उंदराच्या कामात धर्म आडवा येतो. गणपतीचे दहा दिवस उंदराची सगळी कामं बंद. तसा कुठे नियम नाही, पण मखरात मूर्तीच्या पायाशी मूषक मोदक धरून बसलेला असताना मागच्या खोलीत गम पॅड लावायला हात धजत नाही. गिऱ्हाईकच फोन करून सांगतं, "विसर्जनानंतर या." अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी काकांच्या फोनची बॅटरी दुपारपर्यंत संपते. दहा दिवसांच्या मोदकांवर उंदीर गुटगुटीत झालेले असतात, आणि उंदीर मुळात संशयी. नवी वस्तू दिसली की दोन दिवस लांबूनच बघतो. म्हणून विष असं लागतं, की खाऊन लगेच काही होत नाही. ब्रोमाडिओलोनच्या केकने रक्त गोठायचं थांबतं आणि उंदीर काही दिवसांनी मरतो. बाकीच्यांना कळतच नाही कशाने गेला. भाचा म्हणाला, हे जरा क्रूर वाटतं. काका म्हणाले, "अरे, ऑफिसमध्येही असंच असतं."

काही गिऱ्हाइकं कडक अहिंसावादी. मारायचं नाही, घालवायचं. त्यांच्याकडे काका पिंजरा लावतात, सापडलेला उंदीर त्यांच्यादेखत गोणपाटात झाकून नेतात आणि पलीकडच्या मोकळ्या मैदानात सोडतात. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जी इमारत आहे, तिचंही वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट काकांकडेच आहे. यात काही योजना नाही, असं ते शपथेवर सांगतात.

२०२० साल हा काकांच्या कारकिर्दीचा कळस. सगळी दुकानं बंद, रस्ते ओस, आणि काकांना दम खायला फुरसत नाही. पंप तोच, माणसं तीच, नळीही तीच, फक्त आतलं पाणी बदललं. सोडियम हायपोक्लोराईट. लिफ्ट, कठडे, बँका, पोलीस चौक्या, सगळीकडे फवारेकाका. ज्या जिन्यातून त्यांना लपतछपत जायला लावत, त्याच जिन्यात लोक दारं किलकिली करून त्यांना नमस्कार करू लागले. एका नगरसेवकाने त्यांना कोविड योद्धा म्हणून प्रमाणपत्र दिलं. साथ ओसरली आणि वर्षभरात ते पुन्हा "अहो झुरळवाले" झाले. प्रमाणपत्र आहे अजून, लायसन्सच्या शेजारी. त्याच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून काकांनी तिला ॲल्युमिनियम मारून घेतलंय.

त्यांच्या व्यवसायाचा एक जागतिक दिवसही आहे. ६ जून. २०१७ साली बीजिंगमध्ये पहिल्यांदा साजरा झाला. काका त्या दिवशी सकाळी सहा वाजता सोसायटीच्या ग्रुपवर "जागतिक पेस्ट दिनाच्या हार्दिक शुभेच्छा" टाकतात. पण महाराष्ट्रात ६ जून हा शिवराज्याभिषेकाचा दिवस. सव्वासहापर्यंत भगव्या शुभेच्छांचा असा पूर येतो, की काकांचा संदेश वर कुठेतरी वाहून जातो. काकांची तक्रार नाही. ते स्वतः सात वाजता महाराजांचं चित्र डीपीला लावतात. फक्त बीजिंगवाल्यांनी तारीख ठरवताना रायगडाला विचारायला हवं होतं, असं त्यांचं मत आहे.

काका चिडलेले मी एकदाच पाहिले. कुणीतरी स्वस्तातला माणूस एका सोसायटीत ढेकणांसाठी म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या पलंगाखाली ठेवून, दार बंद करून निघून गेला होता. वेळीच कळलं म्हणून निभावलं. ती गोळी धान्याच्या गोदामासाठी असते, ताडपत्रीने हवाबंद करून, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो, तो भिंतीच्या फटीतून, पाइपाच्या भोकातून शेजारच्या घरात जातो, आणि शेजारच्या घरात कुणी झोपलेलं असतं. तिच्यावर उतारा नाही. अशाने माणसं गेलेली आहेत. त्या संध्याकाळी काकांनी सगळ्या पोरांना बाल्कनीत बसवलं. डब्यांवरचे त्रिकोण दाखवले, लाल, पिवळा, निळा, हिरवा, एकेकाकडून जहालपणाची उतरंड पाठ करून घेतली, आणि म्हणाले, "ढेकणाला दोन फवारण्या लागतात, पंधरा दिवसांच्या अंतराने, कारण पहिल्या फवारणीत अंडी मरत नाहीत. ज्याला हे गिऱ्हाइकाला समजावता येत नसेल, त्याने पंप खाली ठेवावा. ढेकणाने अजून कुणाचा जीव घेतलेला नाही." एवढं बोलून ते उठले, प्रत्येकाचे हातमोजे आणि मास्क तपासले, आणि ज्याच्या मास्कचं फिल्टर जुनं होतं त्याला घरी पाठवलं. त्या दिवसाचा पगार कापला नाही. भाच्याने नोकरी बदलायचा विचार त्या दिवसापासून सोडला, असं तो सांगतो. पगार न कापल्यामुळे की भाषणामुळे, ते त्याने स्पष्ट केलेलं नाही.

यथावकाश भाचा सुपरवायझर झाला. आता तो झुरळाच्या कॉलवर जात नाही, सर्व्हेला जातो. न्हावा शेव्याला जाऊन फ्युमिगेशनचं काम पाहून आला. परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडी पॅलेटवर उष्णतेची नाहीतर मिथाइल ब्रोमाईडची प्रक्रिया करून शिक्का मारावा लागतो, नाहीतर समोरचं बंदर माल परत पाठवतं. ओझोनला घातक म्हणून तो वायू जगाने बाकी बहुतेक कामांतून हद्दपार केलाय, मुख्यतः अशाच कामांपुरता ठेवलाय. औषध कंपन्या, हॉटेलं, बिस्किटांचे कारखाने यांना ऑडिटसाठी फाइल लागते: कुठल्या तारखेला कुठल्या सापळ्यात किती माश्या. भाच्याला कळलं, की धंद्यातला पैसा किडा मारण्यात कमी आणि तो मारल्याची नोंद ठेवण्यात जास्त आहे. ही गोष्ट त्याने काकांना सांगितली तेव्हा काका म्हणाले, "मंत्रालयाचं उदाहरण विसरलास?"

मग लग्नाचं निघालं, आणि तिथे धंद्याची खरी किंमत कळली. दोन स्थळं "मुलगा फवारणी करतो" एवढ्यावर परत गेली. काकांनी बायोडेटा स्वतःच्या हातात घेतला. पेस्ट कंट्रोल खोडून त्यांनी "अर्बन एन्टॉमॉलॉजी अँड फ्युमिगेशन" लिहिलं आणि तिसऱ्याच दिवशी बदलापूरहून बोलावणं आलं. मुलीचे वडील रेल्वेतून निवृत्त. काका मुलाकडचे वडीलधारे म्हणून आले होते. त्यांनी टॉर्च आणलेली नाही, अशी मी दारातच खात्री करून घेतली.

पोहे आले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मुलाच्या लाइनमध्ये पुढे स्कोप काय आहे?" काका उत्तरादाखल उठले आणि दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेराने टकटक करू लागले. वर भरीव आवाज आला. खाली पोकळ. काकांनी खिशातून किल्ली काढून चौकटीच्या कोपऱ्यात हलकेच टोचली. किल्ली बोटभर आत गेली. वाळलेल्या मातीची एक भुकटी पोह्यांच्या बशीशेजारी सांडली आणि त्यात पांढुरके जीव वळवळले.

"स्कोप," काका म्हणाले, "तुमच्या घरातच आहे."

खोलीत कुणी काही बोलेना. ताईने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. मुलीच्या आईने पदराने बशी झाकली. बोलली ती मुलगी. ती खाद्यपदार्थांच्या कारखान्यात क्वालिटीत होती. तिने भाच्याला विचारलं, "निळ्या लाइटचा फ्लाय कॅचर दाराच्या अगदी समोर लावलेला चालतो का?"

"नाही," भाचा म्हणाला. "बाहेरून उजेड दिसला की बाहेरच्या माश्या आत येतात. आडोशाला लावायचा."

"मी आमच्या मॅनेजरला सहा महिने हेच सांगतेय," मुलगी म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली. त्यानंतर ती दोघं गॅलरीत गेली आणि अर्धा तास बोलत होती. कानावर पडलं तेवढ्यात फेरोमोन ट्रॅप हा शब्द दोनदा आला.

इकडे काका कामाला लागले होते. त्यांनी मुलीच्या वडिलांना वाळवीच्या बंदोबस्ताचं सरकारी मानक, आयएस ६३१३, समजावलं. भिंत आणि फरशी मिळते तिथे दर फुटावर १२ मिलिमीटरचं भोक, त्यात औषध, वरून सिमेंट. बिल्डरने पाया भरताना वाळवीचं काम केलं होतं का? कागदावर केलं होतं. कागद वाळवीने खाल्ला होता. काकांनी पाठकोऱ्या पत्रिकेवर चौरस फुटांचा हिशेब मांडला, जीएसटी १८ टक्के वेगळा दाखवला आणि पाच वर्षांची वॉरंटी लिहून दिली. वडील निवृत्त असले तरी रेल्वेचे, त्यांनी प्रत्येक आकडा पेन्सिलीने तपासला आणि शेवटी मान हलवली.

जिना उतरताना ताईला राहवेना. पोरगी तिला पसंत होती, पोराचा चेहरा तर सांगतच होता. "घरी पोचल्या पोचल्या होकार कळवून टाकू या," ती म्हणाली.

फवारेकाका मधल्या पायरीवर थबकले. त्यांनी दोन्ही हात पसरून सगळ्यांचा रस्ता अडवला.

"अहो ताई, असला अविचार करू नका. आधी ड्रिलिंग होऊ दे, बिल जाऊ दे, चेक वटू दे. व्याह्याकडून आजवर कुणाला पैसे मिळालेत?"